आधी कान, मंग डोळे

उदगीरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी नेहमीच्या प्रश्नांपैकी एकही मला विचारला नाही. आडनाव नाही, गाव नाही, नवरा कुठं असतो नाही, मटण-मच्छी चालतं का नाही. मी मात्र सगळ्या तयारीनं गेले होते. पाणी कधी येतं, मीटर वेगळं आहे का, गच्चीवर कपडे वाळत घालायला परवानगी आहे का, असे माझे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि म्हणाल्या, "मॅडम, तुला हॉलमधलं चित्र सैपाकघरात धाडता येतंय का?"

मला वाटलं, भिंतीवरची तसबीर हलवायची असेल. म्हटलं, "येईल की."

"मंग सामान आण," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी जळकोटच्या तालुका कार्यालयात नोकरीला होते. नवरा नांदेडला, मुलीचं कॉलेजही नांदेडला. मी आठवडाभर उदगीरला राहून जळकोटला ये-जा करायची आणि शनिवारी नांदेडची बस धरायची. अशा बाईला वरची एक खोली, एक मोरी आणि एक भक्कम कुलूप पुरतं. ते मिळालं, आणि त्याच्याबरोबर काकू मिळाल्या. त्या मला शेवटपर्यंत मॅडमही म्हणायच्या आणि एकेरीतही बोलायच्या. "मॅडम, तू जेवलीस का? मॅडम, तुझं तोंड कामून उतरलंय?" माझ्या ऑफिसात कुणी नुसतं 'मॅडम' म्हटलं की मला अजून त्याच्यापुढचं 'तू' ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं.

चित्राचा उलगडा त्याच दिवशी झाला. त्या घरात टीव्ही हॉलमध्ये होता, काकू स्वयंपाकघरात होत्या आणि मधे भिंत होती. सगळा संसार असाच गेला होता. काका मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम. संध्याकाळी घरी आले की हॉलमध्ये त्यांची बैठक बसायची, तुरीचा भाव, हरभऱ्याचा भाव आणि अधूनमधून बातम्या. रिमोट काकांच्या सदऱ्याच्या खिशात. बाईमाणसानं तिथं येऊन बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच कधी आली नव्हती. पुढं काका घरी बसले, बैठक मोडली, हॉल रिकामा झाला, तरी काकू काही तिथं जाऊन बसल्या नाहीत.

"या की हॉलमध्ये, कुणी धरलंय का तुम्हाला?" काका म्हणायचे. भांडणाची वेळ आली की ते बायकोला अहो-जाहो करत.

"आन् भाकरी कोण थापंल? तो बातम्या सांगणारा?"

मला मात्र एकदा त्यांनी खरं कारण सांगितलं होतं. "रिकाम्या हातानं हॉलमध्ये बसले ना मॅडम, की माझ्याच घरी पाव्हणी आल्यावाणी वाटतंय."

म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टीव्ही ऐकला. मालिका सगळ्या पाठ, पण कानानं. कोण खरं बोलतंय, कोण लबाड, कुणाच्या पायात पैंजण आहेत आणि कुणाच्या पायात उंच टाचेचं काही, सगळं त्यांना ठाऊक. त्या माणसांना त्यांनी आपल्या मनानं तोंडं दिली होती. एका मालिकेतली सोशीक सून त्यांच्या लेखी त्यांच्या लोहा गावी दिलेल्या धाकट्या बहिणीसारखी सावळी आणि उंच होती. तिच्या सासूला कुणाचं तोंड दिलं होतं ते त्या सांगत नसत. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं," एवढंच म्हणायच्या, आणि काका हॉलमधून खाकरायचे.

कान तर असा की गॅसच्या आवाजावरून सिलिंडर संपत आलेला कळायचा. फाटकाची कडी वाजली की म्हणायच्या, "मॅडम, आज साहेबाचं आन् तुझं वाजलंय," आणि खरंच वाजलेलं असायचं.

मी राहायला यायच्या थोडं आधी त्या डोळे दाखवायला हैदराबादला गेल्या आणि चष्म्याऐवजी दोन काळ्या डब्या घेऊन आल्या. एक डबी हॉलमध्ये सेट टॉप बॉक्सला जोडायची, दुसरी स्वयंपाकघरातल्या टीव्हीला. मधे वायर नाही. हॉलमधलं चित्र भिंतीतून पार होऊन स्वयंपाकघरात येणार, असं दुकानदारानं सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी माळ्यावरचा लहान टीव्ही काढून फळीवर ठेवला. काकांनी डब्या जोडून दिल्या, बटण दाबलं, काही आलं नाही, आणि ते "सांगितलं होतं" एवढं म्हणून परत हॉलमध्ये गेले. डब्या तशाच पडून होत्या. मी भाडेकरू म्हणून पसंत पडले ती त्या डब्यांसाठी.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. दोन्ही डब्यांवरची बटणं एका खुणेवर आणली, टीव्ही योग्य चॅनलवर लावला, एकेक वस्तू हलवून बघितली. चित्र आलं, पण त्यात पाऊस पडत होता. मग लक्षात आलं की दोन डब्यांच्या मधोमध काकूंची मांडणी आहे, स्टीलचे डबे, पितळेच्या घागरी, पाट्याएवढी ताटं. लहरी त्या भांड्यांना धडकून मागं फिरत होत्या. "काकू, मांडणी हलवावी लागेल."

"मांडणी हलायची न्हाई. माझ्या आईनं दिलेली हाय ती. तू चित्राला सांग, वळून ये म्हणावं."

आणि त्यांनीच ते वळवलं. काम करता करता एक मोठं ताट त्यांनी पुसून टीव्हीच्या मागं उभं करून ठेवलं आणि पाऊस थांबला. चित्र ताटावर आपटून नेमकं डबीत शिरत होतं. ताट काढलं की पाऊस, लावलं की लख्ख. त्या दिवसापासून ते 'चित्राचं ताट' झालं. त्यात परत कधी कुणी जेवलं नाही. सणाला पंगत बसली आणि ताटं कमी पडली तरी काकू म्हणायच्या, "ते न्हाई, ते चित्राचं हाय," आणि पत्रावळी काढायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी त्यांची मालिका डोळ्यांनी बघितली. मी कौतुकानं शेजारी बसले होते. काकूंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. सोशीक सून गोरीपान निघाली, बुटकी आणि फुगऱ्या गालांची. खाष्ट सासू तर इतकी देखणी की काकू चिडल्याच.

"ही न्हाई ती. आवाज कुणाचा आन् तोंड कुणाचं. खामखा बदलली का काय ह्यांनी?"

"काकू, ह्याच होत्या पहिल्यापासून."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग टीव्हीकडं पाठ केली आणि भाकरी तव्यावर टाकली. पाठमोऱ्या ऐकायला लागल्या. मधेच कुणी रडलं की मान वळवून बघायच्या, पटलं तर "हाव," म्हणायच्या आणि परत पाठ. मला वाटलं, एवढा खटाटोप वाया गेला. पण वाया नव्हता गेला. त्यांची ती रीतच पडली. "आधी कान, मंग डोळे," त्या म्हणायच्या. "डोळ्याला काय, दाखवंल ते बघतंय. कानाला फसवता येत न्हाई."

'धाडणं' हा त्यांचा शब्द. आम्ही ऑफिसात 'पाठवणं' म्हणतो, माझी मुलगी 'कास्ट करणं' म्हणते. काकू चित्र धाडायच्या, निरोप धाडायच्या, शेजारी वरणाची वाटी धाडायच्या. शेजारच्या अक्का कर्नाटकाकडच्या, वाड्याला वाडा लागून राहणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "काय गं, लेक कधी धाडतीस?" काकूंची एकुलती एक मुलगी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये शिकवत होती आणि लग्नाचं नाव काढू देत नव्हती.

"आधी चित्र तर नीट धाडू दे," काकू म्हणायच्या.

पुढं त्या काळ्या डब्या जुन्या झाल्या. मुलीनं घरात वायफाय घेतलं, नवा टीव्ही हॉलमध्ये आला, त्याच्याच धाकट्या भावासारखा एक स्वयंपाकघरात आला, आणि मोबाइलवरचं चित्र बोट लावून टीव्हीवर जायला लागलं. राऊटर देवघराच्या फळीवर ठेवला, कारण घराच्या बरोबर मधे तीच जागा होती. काकू सकाळी देवांना कुंकू लावायच्या तेव्हा त्यालाही एक बोट लागायचं. आता ताटाची गरज उरली नव्हती, तरी ते टीव्हीमागं उभंच राहिलं. मी त्यांना चित्र धाडायच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवून दिल्या. दुसऱ्या आठवड्यात तो कागद तिळाच्या डब्याच्या झाकणाखाली घट्टपणासाठी गेलेला दिसला. "लई उपयोगी पडला बघ तुझा कागद," त्या म्हणाल्या.

वायफायच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. विरजण आणि पासवर्ड मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मी समजावून बघितलं. पासवर्ड दिला की दुसऱ्याचे मोबाइल आपल्या वायफायवर येतात, चित्र अडखळतं, उद्या कुणी काही उद्योग केला तर आपल्या नावावर. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "विरजण दिल्यानं आपलं दही कमी होतंय का?" त्यांनी विचारलं. अक्कांच्या घरचे सगळे मोबाइल आणि त्यांचा टीव्हीसुद्धा आमच्याच वायफायवर चालायचा.

त्यामुळंच ते नाकाचं प्रकरण घडलं.

मुलगी अखेर लग्नाला कबूल झाली होती आणि काकूंच्या मोबाइलवर मुलांचे फोटो यायला लागले होते. मोबाइलवर चेहरा लहान दिसतो म्हणून त्या फोटो टीव्हीवर धाडून, मोठे करून बघायच्या. त्या दुपारी त्यांनी बोट लावलं, पण यादीत टीव्ही तीन होते, आणि अक्कांच्या टीव्हीचं नावही नुसतं 'टीव्ही' असंच होतं. काकूंच्या स्वयंपाकघरात काहीच आलं नाही. चित्र यायला उशीर लागतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या मोबाइलवरच बघत राहिल्या. तिकडं अक्कांच्या हॉलमध्ये पाव्हणे जेवून सुपारी कातरत बसले होते, आणि समोर टीव्हीवर अक्कांच्या सख्ख्या भाच्याचा फोटो आला. मग तो मोठा झाला. मग नुसतं नाक आलं. नाक डावीकडून, नाक उजवीकडून. पाव्हणे सुपारी कातरायची थांबले. मग टीव्हीवर अक्षरं उमटायला लागली, एकेक करून, कारण काकू सावकाश टाइप करायच्या. लातूरला मुलीला जाणारा निरोप होता तो. 'पोरगं बरं हाय. नाक लांब. नको.'

संध्याकाळी अक्का विरजणाची रिकामी वाटी घेऊन आल्या. मी ऑफिसातून नुकतीच आले होते, चहा घेत होते. अक्का पाटावर बसल्या. काकूंनी वाटीत विरजण घातलं. वाटी घेऊन अक्का उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "नाक लांब हाय, खरं हाय. आमच्याकडं सगळ्यांचंच हाय. पण बंगळूरला हाय, निर्व्यसनी हाय, आन् आईला फोन करतंय रोज."

काकूंना काय झालंय ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला. "आता मी तोंड कसं दाखवू, मॅडम?"

"दाखवायचं कुठं," अक्का म्हणाल्या, "धाड की. आमच्या टीव्हीवर दिसतंय."

दोघी इतक्या हसल्या की काका रिमोट घेऊन बघायला आले. मुलीला लातूरला ते कळलं तेव्हा तिनं आईला उलटा निरोप धाडला, 'नाक बघायचंय मला.' आणि बघितलं. आणि हो म्हणाली.

लग्न ठरलं ते नेमकं तोंडाला फडकी बांधायच्या वर्षात. माणसं मोजून बोलवायची, मंगल कार्यालयं बंद. लग्न घरीच, हॉलमध्ये करायचं ठरलं. मी माझ्या सवयीनं सामानाची यादी करायला बसले होते. अंतरपाट, पाट, अक्षता, हार. काकू लसूण सोलत होत्या. एकदम म्हणाल्या, "मॅडम, त्यात टीव्ही लिही."

आमच्याकडं रीत अशी की मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं लग्न बघायचं नाही. तिनं मागं तुळशीपाशी बसून तुळशीला पाणी घालत राहायचं. लग्न लागलं की मगच आत यायचं. काकूंच्या घराची तुळस मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. त्यांचा बेत असा होता की हॉलमध्ये एक मोबाइल उभा करायचा, त्यातलं चित्र स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर धाडायचं आणि टीव्हीचं तोंड मागच्या दाराकडं फिरवायचं. तुळशीपाशी बसून मान वळवली की लग्न दिसंल.

काकांना ते मुळीच पटलं नाही. "मुलीच्या आईनं लग्न बघू न्हाई. रीत हाय. उगं काहीतरी काढायचं."

"लग्न कुठं बघायलेय मी? टीव्ही बघायलेय."

"तेच की ते."

"तेच कसं? तुम्ही रोज बातम्यांत भूकंप बघता, घर पडतंय का आपलं?"

काका तरी मानले नाहीत. शेवटी गुरुजींना विचारायचं ठरलं. गुरुजी वयानं लहान आणि धोरणी. ते म्हणाले, "काकू, शास्त्रात टीव्ही न्हाई. त्यामुळं मनाई बी न्हाई. फक्त तांब्याची धार तुटू देऊ नका."

त्या दिवशी दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. त्या एरवी वर येत नसत, गुडघे दुखायचे. कॉटवर बसून म्हणाल्या, "माझ्या आईनं माझं लग्न बघितलं न्हाई. तिच्या आईनं तिचं न्हाई. मी सगळं आयुष्य भिंतीच्या अलीकडून ऐकलंय, मॅडम. त्याचं काही वाटलं न्हाई मला कधी. पण ही एकच हाय. हिचं तेवढं मला डोळ्यानं बघायचंय. माळ घालताना तिचं तोंड कसं होतंय, तेवढंच. मंग जाऊ दे तिला."

मी म्हटलं, बघाल. आणि त्याच्यासाठी जे करायचं ते सगळं केलं. मोबाइलला उभं राहायला हॉलच्या शोकेसमध्ये जागा केली, फोटोग्राफरला तिथं आडवं न येण्याची ताकीद दिली, टीव्हीचं तोंड फिरवलं, आदल्या दिवशी मुलीला हॉलमध्ये उभं करून तालीम घेतली. मुलगी हसत उभी होती आणि काकू तुळशीपाशी बसून तिला बघत होत्या. "हात हलव," त्यांनी आतल्या दिशेनं हाक दिली. हॉलमधून मुलीचं "हलवला की" असं ऐकू आलं, आणि त्यानंतर जरा वेळानं टीव्हीवर हात हलला. काकू माझ्याकडं बघून हसल्या. "बघ, आधी कान."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. मोजून आलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या घरी यायला न मिळालेली माणसं. येणाऱ्या प्रत्येकानं आधी पाणी मागितलं आणि मग पासवर्ड. काकूंच्या घरी दोन्हीला नकार नव्हता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा हॉलमधल्या बहुतेक सगळ्या हातांत मोबाइल होता आणि देगलूर, निलंगा, बंगळूर अशी कुठकुठली घरं आमच्या देवघरातल्या राऊटरवरून ते लग्न बघत होती.

काकू तुळशीपाशी पाटावर बसल्या होत्या. नवी साडी, हातात तांब्या, बारीक धार. मी शेजारी. दारातून टीव्ही स्वच्छ दिसत होता. अंतरपाट धरलेला, एका बाजूला ते लांब नाक, दुसऱ्या बाजूला मुलगी, खाली बघणारी. हॉलमधून आवाज थेट कानावर येत होता, चित्र त्याच्या मागून चालत होतं, आणि प्रत्येक अष्टकागणिक अंतर वाढत होतं. मग शेवटचं अष्टक सुरू झालं आणि टीव्हीवरचं चित्र थांबलं.

अंतरपाट मधे धरलेला. मुलीची मान खाली. एक अक्षतेचा दाणा हवेत, तसाच.

मी उठले. काय करायचं ते मला माहीत होतं. राऊटरपाशी जायचं, बाकीचे मोबाइल त्याच्यावरून काढायचे, चित्र लगेच चालू झालं असतं. काकूंनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातातली धार हलली नाही.

"नको. त्यांचीबी माणसं बघायलीत."

"काकू, पण तुमचं—"

हॉलमध्ये गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं. ताशा वाजला, टाळ्या झाल्या, कुणीतरी मोठ्यानं मुलीचं नाव घेतलं. लग्न लागलं. कानांना सगळं कळलं होतं. टीव्हीवर अजून अंतरपाट तसाच होता आणि मुलगी त्याच्या अलीकडं, मान खाली घालून, उभी होती.

काकू तिच्याकडं बघत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड हसरं होतं.

"थांबली बघ," त्या हळूच म्हणाल्या. "अजून धाडली न्हाई मी तिला. राहू दे, मॅडम. तेवढा वेळ माझी हाय."

तांब्यातलं पाणी संपलं तेव्हा चित्र एकदम उडी मारून पुढं गेलं. दोघांच्या गळ्यात माळा पडलेल्या होत्या आणि लोक त्यांच्याभोवती गर्दी करून होते. माळ घालतानाचं तोंड त्यातून निसटलं होतं. काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि आत गेल्या.

त्या लग्नाचं चित्रीकरण पुढं घरी आलं. मी कितीदा म्हटलं, काकू, माळेचं बघून घ्या, सगळं आहे त्यात. त्यांनी ते कधी लावलं नाही. "बघितलंय मी," त्या म्हणायच्या. "माझ्यापुरतं."

मुलगी बंगळूरला गेली. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि काकू तो स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर धाडून, तिच्याकडं पाठ करून भाकरी करायच्या. "तुझा घसा बसलाय," पाठमोऱ्याच सांगायच्या. मग वळून बघायच्या.

वर्षभरानं माझी बदली नांदेडला झाली. निघताना काकूंनी मला विरजण दिलं, बसमध्ये सांडेल म्हटलं तरी दिलं. ते सांडलं नाही. आमच्या घरात आजही त्याच विरजणाचं दही लागतं. काकू मात्र मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तो दिवस कसा गेला, मी कुठली कामं केली, ते मला आठवत नाही, आणि मला एरवी सगळं आठवतं.

या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला उदगीरला गेले. फाटकाची कडी वाजवली आणि आतून कुणी काही म्हणेल म्हणून उगीच जरा थांबले. हॉलमध्ये टीव्ही चालू होता. समोर कुणी नव्हतं. काका स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या पाटावर बसले होते. रिमोट खिशातच होता. फळीवरचा टीव्ही बंद होता, मागं चित्राचं ताट उभं.

"काका, चित्र इकडं धाडून देऊ का?" मी विचारलं. माझ्याही तोंडून तोच शब्द आला.

"नको," ते म्हणाले. "ऐकायलोय."

मी पत्रिका दिली आणि त्यांच्याशेजारी खाली बसले. हॉलमध्ये कुठल्या तरी मालिकेत कुणी तरी रडत होतं. काका म्हणाले, "ही खोटं रडायलीय." मग बराच वेळ आम्ही दोघं भिंतीकडं तोंड करून तसेच ऐकत बसलो.

लग्न नांदेडच्या मोठ्या कार्यालयात झालं. सगळं वेळेवर, ठरल्याप्रमाणं. माझ्यासाठी व्यासपीठाच्या मागं कुंडीतली तुळस ठेवली होती आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. कॅमेऱ्याचं काम बघणारा मुलगा कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुम्हाला इथूनसुद्धा सगळं एकदम लाइव्ह दिसेल. बिलकुल अडकणार नाही."

आणि खरंच अडकत नव्हतं. गुरुजींचे ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते. माझी मुलगी पडद्यावर माझ्यापेक्षा मोठी दिसत होती. तांब्याची धार धरून मी तिच्याकडं बघत राहिले, शेवटचं अष्टक सुरू होईपर्यंत.

मग 'सावधान' झालं, सनई चढली, टाळ्या झाल्या. मी डोळे मिटून घेतले, आणि तांब्यातलं पाणी संपेपर्यंत उघडले नाहीत.